सर्व्हिस चार्जचे ३७८ रुपये

शनिवारची सकाळपाळीची शाळा सुटली आणि आम्ही चौदा जण सरळ जेवायला निघालो. आमच्या शाळांच्या केंद्रातल्या एका मॅडमची बदली झाली होती. हारतुरे, भाषणं त्यांना नको होती, म्हणून माणशी ३०० रुपये वर्गणी काढून दर्यापूरकडच्या रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात बसायचं ठरलं. एसी, काचेचं दार, दाराशी प्लास्टिकची झाडं. नेहमीचा ढाबा सोडून तिथं जायची आयडिया माझीच, हे आधीच कबूल करतो.

बसल्यावर पंधरा मिनिटं कोणी फिरकलंच नाही. पाणी मागितलं तर पोरगं म्हणालं, "बाटली घ्या लागन सर, इथलं पाणी खारं हाय." खारपाणपट्ट्यात आमचा जन्म गेला, बोअरचं पाणी कसं लागते ते आम्हाला सांगतो! म्हणून तर गावोगावी कॅनच्या गाड्या फिरतात, चहाच्या टपरीवरही कॅनचं पाणी फुकट मिळतं. इथं २० रुपये छापलेली बाटली ३० ला. बारा घेतल्या.

नऊ मटण थाळ्या, पाच साध्या. साध्या पाऊण तासानं आल्या, मटण दीड तासानं. म्हणजे शाकाहारी मंडळी हात धुऊन बडीशेप चघळत बसली तेव्हा आमचा रस्सा आला. तर्री झणझणीत, भाकर मात्र गार आणि चिवट. कांदा-लिंबू तीनदा मागितलं. सगळ्यात शेवटी थाळी आली ती मॅडमचीच. त्या हसून म्हणाल्या, "माही बदली झाली हे यायलेबी समजलं वाटते."

बिल ४३६६. जमा ४२००. वरचे १६६ मी घातले, आणि त्या १६६ पायीच रात्री घरी बिल नीट वाचलं, नाहीतर खिशातच धुतलं गेलं असतं. जेवण आणि पाणी ३७८०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ३७८. मग दोन्ही मिळून पाच टक्के जीएसटी. सर्व्हिसचा पत्ता नाही अन् तिचा चार्ज, वर त्या चार्जवर टॅक्स!

सोमवारी मधल्या सुट्टीत १९१५ वर फोन लावला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. मी आधी बाटलीचं गाऱ्हाणं मांडलं, कारण राग त्याचाच जास्त होता. पण ते तिथंच बसलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, हॉटेलात बसवून दिलेलं बाटलीचं पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकता येतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय. गार भाकरीचा तर पुरावा आमच्या पोटात. टिकलं ते नेमकं तेच, जे आम्ही टेबलावर पाहिलंही नव्हतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात घालता येत नाही, आणि तो मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावणं तर साफ मना आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं या सूचना कायम ठेवल्या.

तक्रारीचा नंबर मेसेजवर आला. दोन आठवडे पुढं काहीच नाही. त्या सूचनांत पहिली पायरी हॉटेललाच चार्ज काढायला सांगायची आहे, आणि मी ती वगळून थेट दिल्ली गाठली होती. मग सूचनांची प्रिंट आणि बिल घेऊन, आमच्यातल्या एका सरांना सोबत घेऊन, दुपारी चारला गेलो. गर्दीच्या वेळी गेलो असतो तर मालक चिडला असता, आणि मीही.

"सर, हे सॉफ्टवेअरवाल्यानं टाकून देल्लं, माले काय मालूम," मालक म्हणाला.

"बरं. मंग बिलावर जीएसटी नंबर काऊन नाही?" आमच्या सरांनी विचारलं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांना उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची जी सोय आहे तिच्यात, असला तरी तो गिऱ्हाइकाच्या बिलात लावता येत नाही.

मालकानं बिल उलटं करून पाहिलं, जसा काही नंबर मागं छापला असेल. "अर्ज केला हाय जी," म्हणाला. मग चहा मागवला, आणि तो मात्र दोन मिनिटांत आला. सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स मिळून ५८६ रुपये त्यानं गल्ल्यातून मोजून दिले. मी त्याच बिलावर 'रक्कम परत मिळाली' लिहून सही केली, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि घरी आल्यावर हेल्पलाइनला तसं कळवलं.

माझे १६६ काढून ४२० उरले. चौदा जणांत माणशी ३०. ग्रुपवर टाकलं तर बदली झालेल्या मॅडमचा पहिला मेसेज आला, "सर, माह्यावाल्या तीसची बाटली घेऊन ठेवा, पुढच्या खेपेस ढाब्यावर जाऊ."