पूर्व फिनलंडमध्ये किडे बघायला जाताय? मग हिरवंगार, नीटनेटकं जंगल सोडा

हेलसिंकीहून पूर्व फिनलंडमधल्या योएन्सू शहराला जाणाऱ्या गाडीत साधारण साडेचार तास खिडकीबाहेर जंगलच दिसतं. पाइन, स्प्रूस, बर्च, मध्येच एखादं तळं, पुन्हा पाइन. दिसायला सुरेखच, पण त्यातला बराचसा भाग म्हणजे लाकडाची शेती: एका वयाची झाडं, वेळच्या वेळी विरळणी, पडलेलं खोड लगेच उचललेलं. कीटक बघायला गेलेल्या माणसाने या भागात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिनलंडच्या जंगलातल्या साधारण २० ते २५ टक्के प्रजाती, म्हणजे चार-पाच हजार प्रकारचे जीव, कुठल्या ना कुठल्या प्रकारे मेलेल्या लाकडावर जगतात. त्यात भुंगेरे आले, माश्या आल्या, बुरशी आणि अळंब्या आल्या. देशाच्या दक्षिण भागात कुऱ्हाड न लागलेल्या जुन्या जंगलात हेक्टरी ६० ते १२० घनमीटर मेलेलं लाकूड सापडतं. लाकूडतोडीच्या जंगलात हा आकडा दहाच्याही खाली असतो. सगळा फरक इथेच आहे.

माझी मामेबहीण योएन्सूला विद्यापीठात भुंगेऱ्यांवर काम करते, म्हणून मी तिकडे वळलो. तिच्यासोबत सापळे रिकामे करायला जायला मिळालं, ही या प्रवासातली खरी कमाई. भुंगेऱ्यांच्या अभ्यासकांचा नेहमीचा सापळा म्हणजे खिडकी-सापळा. पारदर्शक प्लास्टिकचे दोन पत्रे एकमेकांत काटकोनात अडकवलेले, खाली नरसाळं, त्याखाली बाटली. बाटलीत किडे कुजू न देणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल, पाणी आणि साबणाचा एखादा थेंब, म्हणजे किडा तरंगत न राहता बुडतो. भुंगेरा कशावर आपटला की पाय मिटून खाली पडतो, म्हणून त्याच्यासाठी नरसाळं खाली. माश्या आणि गांधीलमाश्या अडथळा आला की वर चढतात, त्यांच्यासाठी मलेझ सापळा असतो. तो म्हणजे एक तंबूच, पण बाटली वरच्या कोपऱ्यात. स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ रने मलेझ १९३०च्या दशकात ब्रह्मदेशात हिंडत असताना, तंबूत शिरलेले किडे वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर पडतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून हा सापळा निघाला.

बाटलीतला ऐवज गाळणीत ओतला की काळपट लगदा दिसतो, त्यात पाय आणि पंख. जंगलातलं काम उन्हाळ्यापुरतं, पण हा लगदा निवडून एकेक भुंगेरा ओळखायला अख्खा हिवाळा जातो. "दादा, लोकांना वाटतं आम्ही जंगलात हिंडतो. आम्ही खुर्चीत बसतो," ती म्हणाली.

बघण्यासारखी पहिली जागा पात्विनसुओ राष्ट्रीय उद्यान. १९८२ साली झालेलं हे उद्यान लिएक्सा आणि इलोमान्त्सी या दोन तालुक्यांत पसरलंय. निम्मं दलदल, निम्मं जंगल. बहुतेक लोक सुओमुनयार्वी तळ्याभोवतीची साधारण पंधरा किलोमीटरची वाट धरतात. वाट उत्तमच आहे, पण कीटकांसाठी आउतिओवाराच्या जुन्या जंगलात जा आणि अगदी हळू चाला. तासाभरात अर्धा किलोमीटर झाला तरी चालेल.

पडलेल्या नाहीतर उभ्याच मेलेल्या बर्चवर घोड्याच्या खुराच्या आकाराची राखाडी, टणक अळंबी दिसते. तिच्या खालच्या बाजूला गोल भोकं आहेत का बघा. भोकं असतील तर आत बहुधा बोलिटोफॅगस रेटिक्युलेटस आहे: सहा-सात मिलिमीटरचा, काळा, पंखांवर खडबडीत उभ्या रेघा. त्याची अळी याच अळंबीत वाढते. दिवसा हा आत दडून बसतो, म्हणून रात्री अकरानंतर जा. जूनमध्ये तेव्हाही वाचता येईल इतका उजेड असतो, फक्त अळंबीच्या खालच्या बाजूला टॉर्च लागतो. भिंगातून पाहिलं तेव्हा त्याच्या मिशांवर अळंबीचा भुगा चिकटलेला होता. दोन भुंगेरे एकाच भोकाच्या तोंडाशी अडून बसले होते, बराच वेळ कोणीच मागे हटलं नाही.

स्प्रूसची साल खाली पडलेली असेल तर उलटी करून बघा. मधोमध, खोडाच्या लांबीच्या दिशेने गेलेला बोगदा मादीचा आणि त्यातून दोन्ही बाजूंना निघून रुंद होत जाणारे बोगदे अळ्यांचे. हे इप्स टायपोग्राफस या चार-पाच मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचं काम. आधी नर आत शिरतो, जागा कोरतो आणि गंध सोडून माद्यांना बोलावतो. वादळात झाडं पडली किंवा उन्हाळा कोरडा गेला की याची संख्या फुगते आणि मग उभी, जिवंत झाडंही मरतात. जंगलमालक याच्या नावाने बोटं मोडतात आणि त्यांच्या जागी तेही बरोबरच आहेत. उभ्या खोडाची साल मात्र स्वतःहून सोलू नका. तिथे कोणीतरी राहत असतं.

जळक्या जंगलाचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. आग विझवण्यात फिनलंड इतका तरबेज झालाय की नैसर्गिक वणवे जवळपास उरलेच नाहीत आणि जळक्या लाकडावर जगणाऱ्या किड्यांचे हाल झाले. मेलानोफिला अॅक्युमिनाटा या काळ्या भुंगेऱ्याच्या मधल्या पायांजवळ उष्णतेची किरणं टिपणारे खळगे असतात. त्यांच्या जोरावर तो आगीकडे उडत येतो आणि नुकत्याच जळलेल्या झाडात अंडी घालतो. अशा जीवांसाठी काय करता येईल हे तपासायला लिएक्सा भागात २००१ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. पाइनच्या २४ जागा निवडल्या, काही ठिकाणी तोड अजिबात केली नाही, काही ठिकाणी हेक्टरी ५० किंवा १० घनमीटर झाडं उभी ठेवली, काही ठिकाणी काहीच ठेवलं नाही आणि निम्म्या जागा मुद्दाम जाळल्या. आग लावली आणि झाडंही भरपूर राखली, तिथे दुर्मीळ भुंगेरे जास्त आले. हा फायदा पहिल्या काही वर्षांतच ठळक असतो, म्हणून एकदा जाळून भागत नाही.

कोली राष्ट्रीय उद्यानात गेलं की हे लगेच समजतं. तिथे पूर्वी जंगल तोडून, जाळून राखेत राय हे धान्य पेरायचे. आपल्याकडची कुमरीच ती. परंपरा जपायला उद्यानात अजूनही लहान तुकडे जाळतात. उक्को-कोली टेकडीच्या ३४७ मीटरच्या माथ्यावर गर्दी असते, फोटो काढून उतरा आणि जुन्या शेतांच्या कडेने फिरा.

आता कामाचं. मध्य जून ते जुलैअखेर किडे भरपूर असतात आणि डासही. फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, डोक्याला जाळी. डासांपेक्षा बारक्या काळ्या माश्या वाईट, त्या केसांच्या कडेला आणि मोज्यांच्या वर चावतात. गोचिडांसाठी रोज रात्री अंग तपासायचं, गुडघ्यामागे आणि काखेत विशेष. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या लशीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. एका डोसने काम होत नाही, म्हणून आयत्या वेळी धावपळ नको.

लिएक्सापर्यंत रेल्वे आहे, पण पात्विनसुओसाठी गाडी भाड्याने घ्यावीच लागते. २० ते २६ जूनमधल्या शनिवारी येणारा युहान्नुस हा ऐन उन्हाळ्याचा मोठा सण. त्या दिवसांत बरीच दुकानं बंद किंवा कमी वेळ उघडी आणि राहायच्या जागा महिनोन् महिने आधी भरलेल्या. ते दिवस टाळा. शाकाहारी मंडळींनी रायच्या पारीत भाताचं सारण भरलेला कर्यालनपीराक्का शोधावा. दुकानात सहज मिळतो, पण वर बऱ्याचदा अंड्याचं लोणी, म्हणजे लोण्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं असतं, ते बाजूला ठेवायला सांगा.

फिनलंडमध्ये कोणाच्याही जंगलात चालायला, ब्लूबेरी वेचायला मोकळीक आहे. याचा अर्थ काहीही उचलता येतं असा नाही. राष्ट्रीय उद्यानात कीटक पकडायला मेत्सेहालितुस या सरकारी संस्थेची परवानगी लागते आणि पडलेलं लाकूडही हलवायचं नसतं. वणव्याचा इशारा असेल तर शेकोटी पेटवायची नाही, मग कितीही थंडी वाजू दे.

दहापट भिंग, टॉर्च, बसायला फोमचा तुकडा आणि जवळून फोटो काढता येणारा फोन, एवढं सामान पुरतं. फोटो घेताना किड्याचा एक वरून, एक बाजूने आणि तिसरा लाकडाचा घ्या. कुठलं झाड, उभं की पडलेलं, साल आहे की नाही, जळलेलं की नाही, हे टिपून ठेवा. मग ते 'लायी' (laji.fi) या फिनलंडच्या जैवविविधता पोर्टलवर टाका. लाकडाची नोंद नसेल तर नुसत्या भुंगेऱ्याच्या फोटोतून अभ्यासकाला फारसं काही मिळत नाही.