ती वीट, तो वीट

मराठीत वीट दोन प्रकारची असते. ती वीट आणि तो वीट. पहिली भिंतीला लागते, दुसरा माणसाला येतो. आमच्या बैठकीच्या खोलीत दोघांची एकाच जागी गाठ पडली.

फायरप्लेसची ती भिंत आम्हाला घराबरोबरच मिळाली. जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या विटा, मधोमध काळं तोंड वासून बसलेली आगटी, तिच्यावर जवळजवळ काळ्याच पॉलिशची लाकडी फळी आणि भिंतीच्या पोटातून वर गेलेलं धुराडं. पहिल्या वर्षी आल्यागेल्याला मी ती कौतुकाने दाखवत होते. दुसऱ्या वर्षी माझं तिच्याकडे लक्ष जाईनासं झालं. तिसऱ्या वर्षी कळलं की भरदुपारी आपल्याला दिवा लावावा लागतोय, कारण खोलीतला निम्मा उजेड ही बया गिळते. चौथ्या वर्षी तो वीट आला.

"पांढरा रंग मारून टाकू," मी म्हटलं. "एका रविवारचं काम आहे."

नवरा कधी सरळ विरोध करत नाही. "मारू की," तो म्हणाला. "पण उद्या काढावासा वाटला तर?"

मला रागच आला, कारण उत्तर मला ठाऊक होतं. वीट ही स्पंजाची दूरची बहीण. रंग तिच्यावर नुसता बसत नाही, तिच्या छिद्राछिद्रांत शिरतो. लाकडी दार खरवडून मूळ पदावर आणता येतं, गिलाव्याच्या भिंतीवर हवे तितके रंग चढवता येतात. विटेवरचा रंग मात्र एका रविवारी चढतो आणि उतरवायचा म्हटलं की रसायनं, ब्रश, चिडचिड आणि किती रविवार जातील याचा नेम नाही. एवढं करूनही खाचाखोचांत पांढरं उरतंच. शेवटी असं ठरलं की आधी भिंत धुवायची, मग बघू. घरातले बरेच निर्णय आम्ही "मग बघू"वर ढकलतो आणि त्यातले पुष्कळ तिथेच सुखाने नांदतात.

धुण्याची सुरुवात मी चुकीची केली. ओलं फडकं घेतलं आणि आगटीच्या वरच्या विटांवर जोरात फिरवलं. काजळी निघाली नाही, पसरली. दोन विटांवरचा डाग सात विटांवर गेला. काजळीला आधी पाणी दाखवायचंच नसतं, हे त्यानंतर कळलं. आधी कोरडा ब्रश, मग व्हॅक्यूम क्लीनर, हाताला सुटी काजळी लागेनाशी झाली की मग पाणी. तेही आधी नुसतं साधं, विटेची तहान भागेपर्यंत, म्हणजे मग साबणाचं मळकं पाणी ती पीत नाही. आणि धुवायचं खालून वर. माझी आयुष्यभराची सवय वरून खाली पुसण्याची, पण कोरड्या विटेवर वरून काळा ओघळ आला की त्याची रेघ कायमची राहते. खालची वीट आधीच न्हालेली असली की ओघळ तसाच वाहून जातो. तारेचा ब्रश नवऱ्याने लपवून ठेवला होता. चांगलं केलं, कारण त्याने विटेवरची भट्टीत भाजून कडक झालेली साय खरवडून निघते आणि आतला मऊ भाग उघडा पडतो.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी भिंत वाळली आणि मी चहा हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. इतकी वर्षं जिला मी "लाल भिंत" म्हणत होते, ती लाल नव्हतीच. एक वीट शेंदरी, शेजारची कुंकवासारखी, तिसरी पिकल्या जांभळासारखी. दोन-चार तर निळसर काळ्या, आणि त्या काजळीने नव्हे, जन्मतःच. विटेचा लाल रंग मातीतल्या लोहाचा. भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजताना हवा मुबलक मिळाली तर ते लोह लाल होतं, हवा कोंडली तर काळवंडतं. मातीत चुनखडी भरपूर असेल तर वीट पिवळट पांढरीही निघते. आणि जाळाच्या अगदी तोंडाशी सापडलेली वीट होते खंगर, जास्त भाजलेली, वेडीवाकडी. म्हणजे भट्टीत कोण कुठे बसली होती, याची आसनव्यवस्थाच भिंतीवर मांडलेली होती आणि मी तिच्यावर सरसकट पांढरा फासायला निघाले होते.

खालच्या डाव्या कोपऱ्यात लोणा होता, पांढरा, पिठासारखा. तो धुतला की नाहीसा व्हायचा आणि वाळलं की परत हजर. क्षार पाण्यात विरघळतात आणि पाणी सुकलं की पृष्ठभागावर येऊन बसतात, तेव्हा त्याला पाण्याने धुणं म्हणजे पाहुण्याला रोज आग्रहाचं बोलावणं धाडणं. तो कोरडाच झाडायचा आणि ओल कुठून येते ते शोधायचं. आमची धुराड्याच्या माथ्यावरून येत होती. माथा दुरुस्त झाला आणि पाहुणा गेला.

आगटीच्या दोन्ही बाजू आत तिरक्या गेलेल्या आहेत आणि ती फारशी खोलही नाही. बांधणाऱ्याचा ओळंबा त्या दिवशी हरवला असावा, अशी माझी समजूत होती. पण 1796 साली काउंट रम्फर्ड नावाच्या गृहस्थाने फायरप्लेसवर एक मोठा निबंध छापला, त्यात हेच सांगितलं आहे. आगटी उथळ ठेवा आणि बाजू तिरक्या करा, म्हणजे उष्णता धुराड्यातून पळून न जाता खोलीत फेकली जाईल. मी मनातल्या मनात त्या अनोळखी गवंड्याची माफी मागितली. (आगटीच्या आतल्या विटा जाळ सोसणाऱ्या भट्टीविटा असतात, त्यांची जात वेगळी. त्यांना साधा रंग कोणी लावू नये, जाळाशी गाठ आहे.)

मुलीचा त्या आठवड्यात गणिताचा धडा चालू होता, लंबवर्तुळाचा. ती जमिनीवर वही पसरून नाभी काढत होती. या बिंदूला फोकस हे नाव केप्लरने 1604 साली दिलं आणि लॅटिनमध्ये फोकस म्हणजे घरातली आगटी. "मग मराठीत पोटावर कशी गेली?" तिने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. पण खोलीकडे पाहिलं तर सगळ्या खुर्च्यांची तोंडं टीव्हीकडे होती आणि आगटीकडे फक्त लाकडांच्या टोपलीचं. खोलीची नाभीच सरकली होती.

खरा बदल झाला तो दर्जांत, म्हणजे दोन विटांमधल्या फटींत. त्यांच्याकडे कोण बघतं? पण एका संध्याकाळी नवऱ्याने हिशेब मांडला. विटेचा दर्शनी भाग 215 बाय 65 मिलिमीटर आणि भोवती 10 मिलिमीटरची दर्ज धरली, तर भिंतीचा 17 टक्के भाग दर्जांचाच असतो, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. आमचा सहावा हिस्सा कोणीतरी मध्येच काळपट सिमेंटने भरून टाकला होता, म्हणून भिंत एखाद्या जाड काळ्या चौकटींच्या कोड्यासारखी दिसे. शिवाय जुनी वीट मऊ आणि सिमेंट कडक. भिंतीतल्या ओलीला दर्जेतून वाट मिळाली नाही की ती विटेतून बाहेर पडते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. मग छोटी छिन्नी घेऊन आम्ही ते सिमेंट विटांच्या कडा सांभाळत, दोन-अडीच सेंटीमीटर आतपर्यंत कोरून काढलं आणि चुन्याच्या फिकट मिश्रणाने दर्जा भरल्या. कंटाळवाणं काम. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की ते संपलं तेव्हा एकाही विटेला हात न लावता सगळ्या विटांचा रंग उजळला होता.

तरीही माझा पांढऱ्याचा हट्ट पुरता गेला नव्हता. तोडगा निघाला चुन्याच्या पातळ सफेदीचा. खाली कोपऱ्यात हातभर चौकोन आखला, विटा ओल्या केल्या आणि मी भिंतीला चुना लावला. आधी वाटलं, भिंतीने नव्हे, चुन्यानेच मला चुना लावला. ओला असताना तो दुधाच्या पाण्यासारखा, दिसायलाच तयार नाही. म्हणून मी दुसरा हात मारला. नवरा म्हणाला, "थांब." मी तिसरा मारला. चुना वाळताना पांढरा होतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड बनतो. सकाळी पाहते तर कोपऱ्यात दवाखाना उघडलेला. निम्मा भाग तेव्हाच पाणी मारून घासून काढला, कारण ताजा चुना ऐकतो. उरलेला अर्धा मुलीच्या आग्रहाखातर तसाच ठेवला. ती म्हणाली, तो ढगासारखा दिसतो.

मग लाकडी फळीचं काळं पॉलिश उतरवलं. आतून फिकट, रेषारेषांचं लाकूड निघालं. शेजारच्या भिंती पिवळट होत्या, त्यांच्यामुळे विटा नारिंगी वाटत. त्यांना थंड छटेचा पांढरा दिला. म्हणजे मला हवा होता तो रंग आलाच, फक्त शेजारी. दोन खुर्च्या वळवल्या. दुपारचा दिवा आता लागत नाही.

परवा एक स्नेही आले. चहा घेता घेता त्यांनी भिंतीकडे बराच वेळ निरखून पाहिलं. आम्ही दोघं उगाचच सावरून बसलो.

"भिंत छान आहे हो," ते म्हणाले, "पण हिला एकदा पांढरा रंग मारून टाका. एका रविवारचं काम."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो काही न बोलता उठला आणि लाकडांची टोपली सरकवून कोपऱ्यातला ढग झाकून आला.