‘गणपूर्ती’ची प्रगती: हातोडा झाला, कॅलेंडर पुन्हा कापलं

“मामा, मी काहीच करत नाहीये आणि तरी जिंकतेय. असंच आहे ना यात?”

मी बनवत असलेल्या ‘गणपूर्ती’ या पटावरच्या खेळाच्या चौथ्या प्लेटेस्टची, म्हणजे खेळून बघायच्या चाचणीची, सातवी फेरी. भाचीने हातातले पत्ते पालथे ठेवले आणि हे विचारलं. समोर राष्ट्राध्यक्षाच्या जागी बसलेला माझा मित्र तोवर इतका वैतागला होता की चहा गार झाल्याचंही त्याला कळलं नव्हतं. त्या एका प्रश्नाने माझे तीन आठवडे खाल्ले.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. खेळाचा विषय अमेरिकेतली ‘सुट्टीतली नेमणूक’. मोठ्या पदांवरच्या नेमणुकांना तिथे सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, मंजुरी लागते. पण सिनेट सुट्टीवर असेल तर राष्ट्राध्यक्ष मंजुरीशिवाय माणूस बसवू शकतो आणि ती नेमणूक सिनेटच्या पुढच्या सत्राच्या शेवटापर्यंत चालते. घटनेतलं एकच वाक्य, पण त्यावर दोनशेहून जास्त वर्षं भांडण चालू आहे. माझ्या पटावर दोनच कार्यालयं आहेत: मालक-कामगार वादांवर निकाल देणारं पाच खुर्च्यांचं राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळ आणि बँका-सावकारांपासून ग्राहकांना जपणारा एका खुर्चीचा ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरो. मंडळात तीन माणसं नसतील तर एकही निकाल देता येत नाही. हा नियम माझ्या डोक्यातला नाही. २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोघांनी मंडळ चालवणं बेकायदा. तोवर त्या दोघांनी सव्वादोन वर्षांत जवळपास सहाशे प्रकरणं निकालात काढली होती! खेळाचं नाव ‘खुर्ची’वरून ‘गणपूर्ती’ (निर्णयाला लागणारी किमान हजेरी) झालं ते यामुळेच.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. ती खेळत होती त्या, सिनेटमध्ये नेमणुका अडवणाऱ्या गटाला मी रिकाम्या खुर्चीमागे दर फेरीला एक गुण दिला होता, आणि अडवायला खर्च शून्य. मग ती कशाला हलेल? खऱ्या इतिहासातही हेच झालं, म्हणून नियम वाईट आहे असंही म्हणवेना. मे २०११मध्ये ४४ रिपब्लिकन सिनेटरांनी लिहून दिलं की ब्यूरोची रचना बदलल्याशिवाय आम्ही कुणालाच मंजूर करणार नाही. माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. डिसेंबरमध्ये ब्यूरोच्या प्रमुखपदासाठी सुचवलेल्या रिचर्ड कॉर्ड्रे यांच्यासाठी मतदान झालं, ५३ विरुद्ध ४५. बहुमत मिळालं, पण चर्चा थांबवून मंजुरीपर्यंत जायला ६० मतं लागत होती. सगळं खरं, तरी पटावर ‘पास, पास, पास’ करून जिंकणारा गडी म्हणजे कंटाळा. गप्प बसण्याची किंमत वसूल करायची कशी?

उत्तर हातोड्यात सापडलं.

सुट्टी लागूच नये म्हणून सिनेट दर तीन दिवसांनी नावापुरतं भरतं. याला तिथे ‘प्रो फॉर्मा’ बैठक म्हणतात. रिकाम्या सभागृहात एक सिनेटर येतो, हातोडा आपटतो, तहकूब म्हणतो, निघतो. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्यासाठी एक माणूस तरी राजधानीत लागतोच! म्हणून आता अडवणाऱ्याच्या सहा सोंगट्यांपैकी एक वॉशिंग्टनमध्ये अडकून पडते, आणि मतदारसंघात सोंगटी नाही तर निवडणुकीचे गुण नाहीत. शिवाय दर तिसऱ्या दिवशी अडवणाऱ्या गड्याने स्वतः हातोडा आपटायचा. कुणी आठवण करून द्यायची नाही.

हातोड्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पोस्टमधले फोटो पाहून चौघांनी “दांडा कुठे गेला?” विचारलंय. सिनेटच्या हातोड्याला दांडा नसतोच. जेमतेम अडीच इंच उंचीचा, डमरूसारखा मध्ये बारीक, मुठीत धरून आपटायचा. जुना हस्तिदंती हातोडा १९५४ साली एका रात्रीच्या वादळी चर्चेत तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या हातून फुटला. तेवढं मोठं हस्तिदंत बाजारात मिळेना म्हणून सिनेटने भारतीय दूतावासाला विचारलं. त्या नोव्हेंबरमध्ये आपले उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी भारत सरकारची भेट म्हणून नवा हातोडा सिनेटला दिला. हे वाचल्यावर बाजारातली प्लास्टिकची सोंगटी वापरायचं मनच होईना.

मोडक्या पलंगाचा एक सागवानी खूर माळ्यावर पडून होता. मधला भाग आधीच खरादलेला, आकार अर्धा तयार. पहिला तुकडा कापला, घासला, तिसऱ्यांदा आपटला आणि जुन्या खिळ्याच्या भोकापासून उभा चिरला. निक्सनसाहेबांची आठवण झाली. दुसरा तुकडा खुराच्या वरच्या टोकाचा घेतला, आधी आडव्या धारेने खाच पाडून मग कानशीने गोल केला, दीडशे आणि मग तीनशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, दोन हात जवसाचं तेल. खाली फेल्ट चिकटवलंय, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

दुसरी दुरुस्ती कॅलेंडरची. आधी एक घर म्हणजे एक आठवडा होता आणि तिथेच सगळा घोळ. ओबामांचा खरा डाव दोन बैठकांमधल्या तीन दिवसांच्या फटीतला आहे. २०१२मध्ये सिनेट ३ जानेवारीला भरलं, मग ६ जानेवारीला. मधल्या ४ तारखेला त्यांनी कॉर्ड्रे यांना ब्यूरोवर आणि तिघांना श्रम मंडळावर बसवलं. म्हणणं असं की या बैठका नाटकी आहेत, सिनेट खरं तर सुट्टीवरच आहे. तारखेतही मेख आहे: ३ तारखेला नवं सत्र सुरू झालं होतं, त्यामुळे ‘पुढच्या सत्राचा शेवट’ थेट २०१३ अखेर गेला. एक दिवस थांबून एक वर्ष कमावलं. आठवड्याच्या घरांत हे दिसणारच नाही. म्हणून पट्टी पुन्हा कापली, एक घर एक दिवस. लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा यासाठी उत्तम, फक्त सोनेरी गणपती आतल्या बाजूला जाईल असं बघा.

फटीचे नियम कोर्टाच्या निकालावरून घेतलेत. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावच्या नोएल कॅनिंग या पेप्सी भरणाऱ्या कंपनीचा तिच्या युनियनशी वाद होता. मंडळाने तिच्याविरुद्ध निकाल दिला, आणि तिने मंडळाच्या माणसांनाच आव्हान दिलं. २६ जून २०१४ला सुप्रीम कोर्टाने ९–० असं सांगितलं की त्या नेमणुका बेकायदा. तीन दिवसांची फट म्हणजे सुट्टीच नव्हे, आणि दहा दिवसांपेक्षा कमी असेल तर ती सहसा अपुरीच धरायची, काही असाधारण आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी. सिनेट भरलंय असं सिनेट म्हणत असेल तर ते भरलेलं, मात्र त्याला काम करणं शक्य हवं. यातला शेवटचा भाग मला सर्वांत आवडतो. ‘कामकाज होणार नाही’ असं आधीच ठरलेल्या २३ डिसेंबर २०११च्या बैठकीत सिनेटने चक्क पगारावरच्या कराच्या सवलतीची मुदत वाढवून घेतली होती. म्हणजे मनात आलं तर काम करता येतं, हे त्यांनीच दाखवून दिलं. खेळात याचं रूप असं: हातोडा आपटणाऱ्याच्या हातात एक तरी ‘कामकाज’ पत्ता हवा, नसेल तर बैठक खोटी.

फटीचे तीन रंग झाले. तीन दिवसांपर्यंत लाल, चार ते नऊ पिवळा (इथे ‘आपत्ती’ पत्ता असेल तरच वाचाल), दहा आणि पुढे हिरवा.

आणि निकाल लगेच येत नाही. नेमलेला माणूस त्याच दिवसापासून काम करतो, त्याचे निर्णय खुर्चीखाली पालथे साचत जातात. खेळ संपतो २१ नोव्हेंबर २०१३ला, म्हणजे ज्या दिवशी डेमोक्रॅट्सनी ५२ विरुद्ध ४८ मतांनी बहुतेक नेमणुकांसाठीची ६० मतांची अट मोडली. त्यानंतर, सगळे गुण मोजून झाल्यावर, कोर्टाचा पत्ता उलटायचा आणि लाल फटीतला गठ्ठा फेकून द्यायचा. मित्राने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शिवी घातली. मला वाटतं खेळातला सगळ्यात जिवंत क्षण हाच आहे. बचावाची एक वाट ठेवलीय: मध्येच सिनेटची रीतसर मंजुरी मिळवली तर जुने निर्णय पुन्हा मान्य करून घेता येतात. कॉर्ड्रे यांनी तेच केलं. जुलै २०१३मध्ये ६६–३४ने मंजूर झाले आणि ऑगस्टमध्ये मागच्या कामावर पुन्हा शिक्का मारला.

जुने राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा पत्ता मात्र बाद करतोय. ७ डिसेंबर १९०३च्या दुपारी एक सत्र संपून दुसरं सुरू झालं, आणि मधल्या क्षणालाच सुट्टी ठरवून गड्याने दीडशेहून जास्त लष्करी अधिकारी नेमले. गंमत मोठी, पण पत्ता पडला की डाव खलास.

कुणीतरी विचारलं, भारतीय आवृत्ती का नाही? वटहुकूम त्याच जातीचा प्राणी आहे खरा. बिहारने १९६७ ते १९८१ दरम्यान २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जगवले, ते पुण्याच्या गोखले संस्थेतल्या डी. सी. वाधवांनी शोधून काढलं आणि सुप्रीम कोर्टात नेलं. पण त्यात समोरासमोर बसणारे दोन गडी नाहीत. सध्या नको.

डाव आता दोन अर्धांचा आहे, आणि मध्यंतरात जागा बदलायच्या. पहिला अर्ध २००७चा, कारण हातोड्याची ही युक्ती डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी बुश यांना रोखायला वापरली होती. पुढे ओबामांच्या वेळी रिपब्लिकनांच्या ताब्यातल्या हाउसने (संसदेचं दुसरं, कनिष्ठ सभागृह; त्याच्या संमतीशिवाय सिनेटला लांब तहकुबी घेता येत नाही) तीन दिवसांपेक्षा जास्त तहकुबीला संमतीच दिली नाही, आणि तेच हत्यार डेमोक्रॅट्सच्या गळ्याशी आलं. पूर्वार्धात जो हातोडा फार जोरात आपटतो, तो उत्तरार्धात समोर बसून ऐकतो.

पाचवी प्लेटेस्ट परवा झाली. भाची चकलीच्या नादात दोनदा हातोडा विसरली. मित्राने तोंडातून ब्र काढला नाही, नेमणुकीचा पत्ता मांडीवर धरून नुसता घरं मोजत होता. नवव्या दिवशी तिची नजर कॅलेंडरवर गेली आणि हातोडा असा आपटला की वाटीतलं दही उडालं. ‘कामकाज’ पत्ता होता तिच्याकडे, एकच.

सहावी बैठक रविवारी. हाउसच्या जागेसाठी एक माणूस कमी आहे, पुण्यात कुणी मोकळं असेल तर कळवा. पट्टीची नवी मापं उद्या टाकतो.