तीन कंगोरे दिसले, म्हणून यॉर्कशर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ब्रिटनमधली ब्राँझयुगातली कुऱ्हाड नुसती पाहून ती कुठल्या भागातली हे कसं ओळखतात? बहुतेकांना वाटतं, नक्षीवरून. माझ्या मते नक्षीकडे शेवटी वळावं.

आधी दांडा कसा बसत असेल ते बघा, त्यावरून काळ कळतो. सपाट पातं सगळ्यात जुनं. मग कडा उचललेलं. त्यानंतर मधे आडवा अडसर असलेलं, म्हणजे पालस्टाव्ह. इ.स.पू. १००० ते ८०० या काळात खोबणीची, आतून पोकळ कुऱ्हाड सर्रास दिसते. प्रांताप्रांतातला फरक तिच्यात सगळ्यात ठळक.

अंगावर तीन उभे कंगोरे, म्हणजे उंचावलेल्या रेघा, दिसले की लोक लगेच ‘यॉर्कशर’ (उत्तर इंग्लंड) म्हणतात. पण दक्षिण वेल्सच्या कुऱ्हाडीवरही तीनच असतात. यॉर्कशरचे साधारण समांतर उतरतात. वेल्सचे धारेकडे जवळ येत जातात. वेल्सची जड आणि ओबडधोबड असते, तोंडाचा काठ जाड, कान (बाजूची बांधायची कडी) बहुधा त्या काठातूनच निघालेला, आणि साच्याच्या सांध्याची रेघ पुष्कळदा घासून काढलेलीच नसते. आयर्लंडची बुटकी, पिशवीसारखी फुगीर, पसरट धारेची. मात्र वेल्सच्या घडणीच्या कुऱ्हाडी खाडीपलीकडे इंग्लंडात, सॉमरसेटमध्ये स्टोगर्सीलाही सापडल्या आहेत. घडण सांगते ओतणाऱ्याची सवय. सापडल्याची जागा वेगळी नोंदवायची.

संधी मिळाली तर खोबणीत जरूर डोकवा. दोन भागांच्या साच्यात मधे मातीचा गाभा ठेवून धातू ओतत. गाभा जरा सरकला की एक भिंत जाड, दुसरी पातळ होते, कधी तिला भोकही पडतं. माती ओली राहिली तर वाफ धातूत शिरते आणि बुडबुडे राहतात. चांगल्या ब्राँझमध्ये कथील साधारण १० टक्के. ओतल्यावर धार ठोकून कडक करत. मधेमधे तापवून नरम न करता ठोकत राहिलं की चिरा जातात.

ब्रिटनीच्या (ब्रिटन नव्हे, फ्रान्सचा वायव्य भाग) लांब, सरळ, चौकोनी तोंडाच्या कुऱ्हाडी हजारोंनी मिळाल्या. अनेकींत शिसं भरपूर, गाभ्याची माती अजून आत, आणि धार कधी लावलेलीच नाही. दक्षिण इंग्लंडात डॉर्सेटमध्ये लँग्टन मॅट्रॅव्हर्सला २००७ साली सापडलेल्या साठ्यात उलटा प्रकार: कथील इतकं जास्त की पृष्ठभाग चंदेरी आणि धातू ठिसूळ. लाकडावर पहिल्याच घावात त्या तुटल्या असत्या. दोन्हीकडे आकार कुऱ्हाडीचा, पण बनवणाऱ्याच्या मनात लाकूडतोड नव्हती असंच मला वाटतं.