घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड: ठाणे, तुर्भे, वाशी

जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधल्यासारखे आर्केड कॅबिनेट, म्हणजे पडदा आणि जॉयस्टिक बसवलेली उभी लाकडी पेटी, घरी बनवायची तर सुताराला प्लायवुड कापायला सांगण्याआधी पडदा हाती असावा, आणि तो पडदा कोणता सिग्नल घेतो हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ग्राफिक्स कार्डावर एक रुपयाही खर्च करू नये, असे ठरवून मी आणि माझा मावसभाऊ ठाण्यातून निघालो. बहुतेक जण याच्या उलट क्रमाने जातात. आधी चांगले कार्ड घेतात आणि मग घरात पडून असलेला मॉनिटर त्याला जोडू पाहतात. हाच शोध ठाणे आणि नवी मुंबई परिसरात घेऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत तपशिलाने लिहीत आहे.

खेळ चालवायचे ते संगणकावर, मेम या जुने आर्केड खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमने. निघण्यापूर्वी आम्ही खेळांची यादी कागदावर मांडली, कारण पडद्याची निवड तिच्यावरच अवलंबून असते. आपल्याकडच्या पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला जाणारा कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९१ चा स्ट्रीट फायटर २, निओ जिओ या आर्केड यंत्रावरचा १९९६ चा मेटल स्लग आणि मावसभावाच्या आग्रहाखातर १९८० चा पॅक-मॅन, असे त्यातले मुख्य खेळ होते. कॅपकॉमच्या या दोन खेळांचे चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचे, निओ जिओचे ३२० बाय २२४ चे, तर पॅक-मॅनचे उभ्या पडद्यासाठी आखलेले २२४ बाय २८८ चे. त्यांचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने रंगते तो आकडा, हाही नेमका ६० हर्ट्झ नाही: कॅपकॉमचा ५९.६ च्या आसपास, निओ जिओचा ५९.२, पॅक-मॅनचा ६०.६. मॉर्टल कॉम्बॅट तर ५४.७ हर्ट्झवर आणि आर-टाइप ५५ हर्ट्झवर चालतो. असे खेळ यादीत असतील तर निवडीचे सगळे गणित बदलते.

त्या काळचे पार्लरमधले बहुतेक मॉनिटर सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेषा रंगवत. म्हणजे त्यांची आडवी वारंवारता १५ किलोहर्ट्झच्या घरातली. संगणकाचा पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर साधारण ३१ किलोहर्ट्झच्या खाली उतरतच नाही, कारण ६४० बाय ४८० चे साधे व्हीजीए चित्रच ३१.५ किलोहर्ट्झ मागते. त्यामुळे ‘ट्यूब ती ट्यूब’ असे समजून ऑफिसातला जुना जाड मॉनिटर उचलू नये. त्यावर २४० रेषांचे चित्र १२० हर्ट्झने दाखवून काम भागवता येते, परंतु तेव्हा प्रत्येक चौकट (फ्रेम) दोनदा रंगवली जाते आणि वेगाने सरकणारी पार्श्वभूमी दुहेरी दिसू लागते. मला ती तडजोड पटत नाही.

पहिला मुक्काम नौपाड्यातल्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होता. मावसभाऊ ऐरोलीतल्या एका कार्यालयात संगणकांची देखभाल करतो; त्याने सहकाऱ्याकडून रेडिऑन एचडी ५४५० कार्ड बसवलेला छोटा संगणक आणि संगणकाचा आरजीबी सिग्नल कॉम्पोनंटमध्ये, म्हणजे टीव्हीच्या हिरव्या-निळ्या-लाल जोडणीला चालणाऱ्या सिग्नलमध्ये, बदलणारी एक डबी चाचणीपुरती मागून आणली होती. दुकानदार काकांकडे २१ इंची पिक्चर ट्यूबचे काही संच अजून चालू स्थितीत होते. ‘पिवळ्या एव्ही वायरवर अक्षरं फुटणारच, साहेब. मागे हिरवी-निळी-लाल भोकं असलेला सेट बघू,’ असे म्हणत त्यांनी एक संच पुढे ओढला. ‘काका, साठ हर्ट्झ घेईल ना?’ असे मावसभावाने विचारताच ते म्हणाले, ‘लावून बघा की. मी सांगून काय उपयोग?’

ते उत्तर अगदी योग्य होते. ट्यूबच्या टीव्हीच्या काळात आपल्याकडे प्रसारण पाल पद्धतीचे, म्हणजे ५० हर्ट्झचे होते, तरी नंतरच्या काळातले बरेच संच ६० हर्ट्झही स्वीकारतात. मात्र कोणता स्वीकारेल हे मॉडेलचा क्रमांक वाचून कळत नाही. हा संच पहिल्या झटक्यात स्थिर झाला. मेटल स्लगचे गुणांचे आकडे इतके रेखीव उमटले की त्यांतल्या एकेका ठिपक्याची कड वेगळी मोजता यावी, आणि दोन रेषांमधली ती बारीक काळी फट, जी एलसीडीवर नक्कल करून आणावी लागते, ती येथे आपोआप होती. त्यानंतर आम्ही पांढऱ्या चौकटींची जाळी पडद्यावर आणली, तेव्हा वरच्या उजव्या कोपऱ्यात उभ्या रेषा बाहेर झुकलेल्या दिसल्या. काकांनी रिमोटवरून सर्व्हिस मेनू उघडून एकेक आकडा बदलत त्या बऱ्याच सरळ केल्या. ही जाळी पेन ड्राइव्हवर घेऊनच दुकानात जावे. सिनेमाचे गाणे लावून दाखवले तर असे दोष झाकले जातात. १०० हर्ट्झची डिजिटल प्रक्रिया करणारे संच शक्यतो टाळावेत, कारण ते चित्र आधी साठवतात आणि मग दाखवतात, त्यामुळे जॉयस्टिक हलवणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत अंतर पडते.

एक इशारा येथेच देतो. रंगीत ट्यूबच्या अॅनोडला २० ते २५ हजार व्होल्टपर्यंत दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही ट्यूबमध्ये तो काही काळ साठून राहतो. म्हणून टीव्ही त्याच्या मूळ कवचासकट कॅबिनेटमध्ये ठेवावा, कवच स्वतः उघडू नये, आणि मागे व वर हवेला वाट ठेवावी. पॅक-मॅनसारख्या उभ्या खेळांसाठी असा संच कुशीवर वळवूनही वापरू नये. त्याची उष्णता बाहेर पडण्याची सोय सरळ स्थितीसाठी केलेली असते आणि दिशा बदलली की पृथ्वीच्या चुंबकत्वाने रंगही बिघडतात. पॅक-मॅन मग आडव्या पडद्याच्या मध्यभागी उभा दाखवावा लागतो. १५.७ किलोहर्ट्झला ६० ने भागले तर लपलेल्या रेषा धरून २६२ रेषाच मिळतात, त्यामुळे २८८ रेषांचे चित्र इंटरलेस करावे लागते, म्हणजे एकाआड एक रेषा दोन फेऱ्यांत रंगवाव्या लागतात, किंवा दाबून बसवावे लागते. मेमची ट्यूबच्या पडद्यांसाठीची आवृत्ती ग्रूव्हीमेम ते आपोआप करते, पण इंटरलेसची थरथर दिसते.

संच राखून ठेवायला सांगून आम्ही दुपारी ठाणे स्थानकातून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली. वाशी आणि पनवेल दोन्हीकडे जाणाऱ्या गाड्या तुर्भ्याला थांबतात. सकाळ-संध्याकाळ ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या नोकरदारांची गर्दी असते, तेव्हा हातात खोके घेऊन या मार्गावर जाऊ नये.

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या ज्या गाळ्यात आम्ही गेलो तेथे कार्यालयांतून निघालेल्या मॉनिटरचे लॉट छतापर्यंत रचलेले होते. १७ आणि १९ इंचांचे १२८० बाय १०२४ चे मॉनिटर सर्वाधिक. पण त्यांचे प्रमाण ५:४ आहे, ४:३ नव्हे, त्यामुळे वर-खाली थोडी काळी पट्टी राहते. ती फारशी खुपत नाही. खुपतो तो टीएन प्रकारच्या एलसीडी पॅनेलचा कोन, म्हणजे बाजूने पाहताना बदलणारा रंग. मी एक मॉनिटर उभा धरला आणि मावसभाऊ डावीकडून उजवीकडे सरकला, तर पॅक-मॅनचा निळा चक्रव्यूह एका बाजूने फिकट आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ काळा दिसू लागला. दोन खेळाडू शेजारी उभे राहणार असतील तर बाजूनेही रंग टिकवणारे आयपीएस पॅनेलच घ्यावे. नशिबाने त्याच रांगेत २० इंची, १६०० बाय १२०० चा आयपीएस मॉनिटर निघाला. २४० रेषा पाचपट केल्या की बरोबर १२०० होतात, आणि २२४ रेषांचे ११२० होऊन वर-खाली ४०-४० रेषा मोकळ्या राहतात. म्हणजे कुठलीही रेषा जाड, कुठलीही बारीक असा प्रकार होत नाही. १०८० रेषांच्या पडद्यावर हा हिशेब जुळत नाही.

रुंद पडद्याचा मोह आवरावा असे मी म्हणेन. २७ इंची १६:९ मॉनिटरवर ४:३ चित्र सुमारे २२ इंचांचेच मिळते आणि कॅबिनेट मात्र विनाकारण रुंद होते. अपवाद फ्रीसिंकचा, म्हणजे स्वतःचा रिफ्रेश रेट खेळाप्रमाणे बदलणाऱ्या मॉनिटरचा आहे. मॉर्टल कॉम्बॅट किंवा आर-टाइप यादीत असेल तर ४८ ते ७५ हर्ट्झचा पल्ला असलेला नवा मॉनिटर घ्यावा. तो प्रत्येक खेळाच्या स्वतःच्या गतीने चालतो. ठरावीक ६० हर्ट्झवर हे खेळ अडखळतात, कारण दर सेकंदाला पाच चौकटी दोनदा दाखवाव्या लागतात. आमच्या यादीत मात्र खेळ ६० च्या इतके जवळ होते की दीड टक्क्याच्या आतला फरक मला खटकला नाही.

कार्डासाठी वाशीला सेक्टर १७ मधल्या दुकानांत गेलो. एलसीडीसाठी वेगळे कार्ड बहुधा लागतच नाही. मेमचा भार मुख्यतः प्रोसेसरच्या एका कोअरवर पडतो, आणि ट्यूबचा भास देणारे जड शेडर (चित्रावर परिणाम चढवणारे छोटे प्रोग्रॅम) लावायचे असतील तरच चांगल्या कार्डाचा उपयोग होतो. ट्यूबसाठी मात्र कार्डाला खरा अॅनालॉग मार्ग, म्हणजे व्हीजीएसारखा जुना सिग्नल थेट देणारी जोडणी हवी. डीव्हीआयचे छिद्र निरखून पाहावे: आडव्या चपट्या फटीभोवती चार बारीक भोके असतील तर ते डीव्हीआय-आय, म्हणजे अॅनालॉग सिग्नल देणारे, ती नसतील तर ते डीव्हीआय-डी, आपल्या कामाचे नाही. एनव्हिडियाने २०१६ मध्ये १० मालिकेपासून अॅनालॉग काढून टाकले. एएमडीचे आर९ २९० त्याआधीच त्याविना आले होते, पण आर९ ३८० आणि ३८०एक्समध्ये ते आहे. सीआरटी इम्यूड्रायव्हर हा १५ किलोहर्ट्झसाठीचा ड्रायव्हर रेडिऑन कार्डांसाठीच आहे, म्हणून शोध रेडिऑनपुरताच ठेवावा. एचडीएमआयवरून व्हीजीए करणाऱ्या स्वस्त डब्या दुकानदार आग्रहाने पुढे करतात. एचडीएमआयचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे ठिपके पाठवण्याचा वेग, २५ मेगाहर्ट्झच्या खाली जात नाही आणि ३२० बाय २४० ला तो ७ च्याही आत लागतो, त्यामुळे २५६० ठिपक्यांसारखी ताणलेली रुंदी वापरून वळसा घ्यावा लागतो. साधे एचडी ५४५० मिळत असेल तर त्या भानगडीत पडू नये.

आम्हाला ते मिळाले. जुन्या कार्डांवर येथे केवळ टेस्टिंग वॉरंटी देतात, म्हणजे चालू आहे हे दाखवले की दुकानदाराची जबाबदारी संपते, म्हणून अर्धा तास कार्ड चालू ठेवायला लावले आणि बिलावर मॉडेल लिहून घेतले.

शेवटी मी नौपाड्यातला टीव्ही घेतला, कारण माझ्या यादीतले खेळ त्याच पडद्यासाठी घडलेले आहेत आणि दुरुस्ती करणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे. मावसभावाच्या घरी लहान मूल आहे आणि जागा अरुंद आहे, म्हणून त्याने २० इंची आयपीएस मॉनिटर घेतला. तो कॅबिनेटमध्येच फिरता बसवायचा असल्याने कर्णाएवढी, म्हणजे २० इंचांहून थोडी अधिक मोकळी रुंदी ठेवायला त्याने सुताराला सांगितले आहे. खरेदीपूर्वी त्याने मागची व्हेसाची, म्हणजे मॉनिटर पट्टीवर बसवण्यासाठीची, भोके १०० मिलिमीटर अंतरावर आहेत ना हे पाहिले, आणि वीज जाऊन आल्यावर मॉनिटर बटण न दाबता आपोआप सुरू होतो ना हेही प्लग काढून, पुन्हा लावून तपासले. कॅबिनेटच्या चौकटीमागे ती बटणे गेली की बोट पोहोचत नाही.

टीव्ही बसवणाऱ्यांनी त्याला स्वतंत्र स्विच द्यावा. संगणक सुरू होताना पहिले चित्र ३१ किलोहर्ट्झचे बाहेर पाठवतो आणि ते १५ किलोहर्ट्झच्या टीव्हीला चालत नाही. विंडोज पूर्ण उघडल्यावरच टीव्ही लावावा. इम्यूड्रायव्हरसाठी विंडोज १० टेस्ट मोडमध्ये, म्हणजे अधिकृत सही नसलेले ड्रायव्हर चालू देणाऱ्या स्थितीत, ठेवावे लागते, म्हणून हा संगणक केवळ खेळांसाठीच राखावा. मॉनिटर लोकलच्या मालडब्यातून आणता येतो. टीव्ही मात्र रिक्षानेच आणावा आणि उचलताना पडद्याची जड बाजू छातीकडे धरावी, म्हणजे मागची नाजूक मान कशावर आपटत नाही.