तुम्ही विचारलंत म्हणून: मी स्प्रेचा डबा का वापरत नाही

"ताई, स्प्रेचा डबा मिळतो की बाजारात. एका दुपारचं काम, त्याला आठ दिवस कशाला?" सायकल रंगवायला आणणाऱ्या प्रत्येकाने हे मला विचारलंय. "बघू" म्हणून टाळत आले. आता एकदा नीट सांगते.

आधी हे कबूल करते की दुकानात डबे मीच आणले. वडील ब्रशने रंग द्यायचे आणि तेलासाठी लांब चोचीची कुप्पी वापरायचे. त्यांच्याशी मी भांडले होते. ब्रशच्या रेघा दिसतात, दिवस मोडतो, लोक थांबत नाहीत, असं म्हणत होते. त्यात चुकीचं काय होतं? रेघा खरंच दिसायच्या.

"नोझल साफ ठेवत नसाल," असंही ऐकवतात. ठेवत होते. काम झालं की डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा, हे मला कोणी शिकवायला नको. पण दर वेळी तेवढा गॅस जातोच. चार-पाच छोटी कामं झाली की रंग शिल्लक आणि गॅस संपलेला, असा डबा हातात उरतो. डब्यावर ४०० मिली लिहिलेलं असतं, त्यातला बराच भाग गॅसचा असतो. तुम्ही पैसे रंगाचे म्हणून देता.

तेलाच्या स्प्रेचंही तेच. त्यातल्या काहींत कार्बन डायऑक्साइड नुसता दाबून भरलेला असतो. सायकल उलटी केली, आणि हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, मारताना डबाही उलटा झाला, की गॅस निघून जातो आणि तेल आतच राहतं. कुप्पी कधी अशी फसवत नाही. इथे वडील बरोबर होते.

आता ती सायकल. जुलैचा महिना, सांगलीत चार दिवस पावसाची झड. एका निवृत्त पोस्टमनची सायकल त्यांच्या मुलाने आणली होती. त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर होतं. चेनकव्हरवर पेंटरने पिवळ्या रंगात वडिलांचं नाव हाताने लिहिलेलं. मुलगा म्हणाला, "ताई, नाव तेवढं राहू दे. बाकी काळा रंग द्या." नावावर टेप लावली आणि स्प्रे घेतला.

रंगाच्या डब्यात गॅस द्रवरूपात असतो. बटण दाबलं की तो उकळत बाहेर येतो आणि डबा गार पडतो. गार पडला की दाब उतरतो, फवारा जाड होतो. पावसाळी हवेत हे लवकर होतं. कव्हर अर्धं झालं आणि डबा थुंकायला लागला. मोठे थेंब पडले, ओघळ टेपकडे निघाला.

मी डबा कोमट पाण्याच्या बादलीत ठेवला. ते सगळेच करतात, चालतं. पण मला घाई होती. चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी मी त्या बादलीत ओतलं. ५० अंशांच्या वर तापवू नका, असं डब्यावर छापलेलं असतं. ते मी शंभरदा वाचलं होतं. भाच्याला म्हटलं, "काढ रे तो, हलव जरा."

सोळा वर्षांचा पोरगा. डबा हातात घेऊन म्हणाला, "मावशी, हा खालून फुगलाय."

डब्याचा तळ आत वळलेला असतो. दाब फार वाढला की तो बाहेर येतो, त्यानंतर डबा फुटायचाच बाकी उरतो. मी तो त्याच्या हातातून ओढला, अंगणातल्या गार पाण्याच्या टाकीत सोडला आणि पोराला घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिले. फुटला नाही. पण पोराच्या तोंडासमोर होता तो. बहिणीला मी हे दोन दिवस सांगितलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

परत आले तोवर ओघळ टेपखाली शिरला होता. थिनरच्या फडक्याने पुसायला गेले आणि पिवळी अक्षरंही विरघळली. आडनाव राहिलं, नाव गेलं. मुलगा काही बोलला नाही. पैसे ठेवून सायकल घेऊन गेला. मी नको म्हणत होते.

यात डब्याचा दोष किती आणि माझा किती? उकळतं पाणी मीच ओतलं. मान्य. पण चांगल्या कामाच्या मध्यावर थुंकणारं हत्यार माणसाला तिथपर्यंत नेतं, असं मला अजूनही वाटतं.

त्या दिवाळीत एक एचपीचा हवेचा कॉम्प्रेसर आणि वर कप असलेली रंग फवारायची गन घेतली. रंग गाळून, हवा तसा पातळ करून, तीस-पस्तीस पाउंड दाबावर मारते. दाब माझ्या हातात असतो, शेवटच्या थेंबापर्यंत तोच. पण याचंही रडगाणं आहे. वीज गेली की हात बांधून बसायचं. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते रोज सकाळी काढावं लागतं, नाहीतर रंगात फोड येतात. कप भरून थिनर गन धुण्यातच जातं. पावसाळ्यात एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग दमट हवेने पांढरा पडतो, मग उन्हाची वाट बघायची. तुमचे आठ दिवस तिथे जातात. लहान भागांना मी आता पुन्हा ब्रशने इनॅमल लावते. रेघा दिसतात.

भाचा आता वीस वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात एका लहान मुलीच्या सायकलची बास्केट रंगवायला त्याने मला न विचारता डबा आणला. ऊन होतं. त्याने बराच वेळ हलवला, वीतभर लांबून पातळ तीन हात मारले. मी दारात उभी राहून बघत होते. एकही ओघळ आला नाही.

रात्री दुकान बंद करताना तो डबा कपाटात ठेवू की टाकून देऊ, हे मला ठरवता आलं नाही. तो अजून बाकावरच आहे.