तुम्ही विचारलंत म्हणून: बार्बारोसाचा खापरपणजोबा

मध्ययुगीन युरोपवर बोलायला उभी राहिले की एक प्रश्न हमखास येतो: आम्हाला आमच्या पणजोबांचं नाव धड सांगता येत नाही, मग बाराव्या शतकातल्या जर्मन राजाचा खापरपणजोबा तुम्ही कुठून शोधून काढता?

फ्रेडरिक बार्बारोसापुरतं उत्तर सोपं आहे. त्याला काडीमोड हवा होता.

मार्च ११५२मध्ये तो राजा झाला. बायको फोहबुर्गची आडेला, मूलबाळ नाही. चर्च घटस्फोट मानत नसे, पण नवराबायको सात पिढ्यांच्या आतले नातलग निघाले तर लग्न मुळातच रद्द ठरे. (जवळच्या नात्यात लग्न टाळणाऱ्या आपल्या जुन्या सपिंडाच्या नियमातही बापाकडून सातच पिढ्या मोजत.) मग पिढ्या मोजल्या गेल्या आणि ११५३मध्ये कॉन्स्टान्स शहरात लग्न मोडलं. मोजणीची यादी विबाल्ट नावाच्या मठाधिपतीच्या कागदपत्रांत टिकली.

यादी अगदी रुक्ष. फ्रेडरिक आणि बेर्टा ही भावंडं. हा फ्रेडरिक म्हणजेच तो खापरपणजोबा. त्याचा मुलगा ब्यूरेनचा फ्रेडरिक, त्याचा श्टाउफेनचा किल्ला बांधणारा ड्यूक फ्रेडरिक, त्याचा पुन्हा ड्यूक फ्रेडरिक, त्याचा आपला राजा फ्रेडरिक. (नावं ठेवताना या घराण्याने फार डोकं शिणवलेलं दिसत नाही.) इकडे बेर्टाचा मुलगा फिलिंगेनचा बेत्सेलिन, त्याचा 'दाढीवाला' बेर्टोल्ड, त्याची लिउटगार्ड, तिचा डीपोल्ड, त्याची आडेला. एकीकडे चार पिढ्या, दुसरीकडे पाच. काम फत्ते! लग्न ठरवताना हे कुणाच्याच कानावर नव्हतं, हे मला काही पटत नाही.

मिरवायच्या वेळी मात्र बापाकडची ही बाजू कुणी काढत नसे. राजाचा सावत्र काका, फ्रायझिंगचा बिशप ओटो, इतिहास लिहायला बसला तेव्हा त्याने वाइब्लिंगेनचे हेन्री आणि आल्टडोर्फचे वेल्फ या दोन घराण्यांचं वैर सांगितलं, आणि पुतण्या म्हणजे दोघांना सांधणारा कोनशिलेचा दगड म्हटलं. वेल्फ रक्त आई युडिथकडून आलं. वाइब्लिंगेनचं आलं बापाच्या आईकडून, आजी आग्नेसकडून. ती सम्राट हेन्री चौथ्याची मुलगी. १०७९मध्ये त्याने श्टाउफेनवाल्या आजोबाला श्वाबेन या जर्मन प्रांताची ड्यूकी दिली आणि मुलगीही देऊ केली. म्हणजे घराणं वर आलं ते सासुरवाडीच्या जोरावर. ओटोही बापाकडची कथा या आजोबापासूनच रंगवतो. आधीचे सगळे 'थोर सरदार' या दोन शब्दांत उरकतात.

त्या पहिल्या फ्रेडरिकचा आणि बेर्टाचा बाप कोण, हेही बरेच जण विचारतात. यादीत त्याचं नाव नाही. लग्न मोडायला भाऊ-बहीण पुरेसे होते.